गाडी गार ठेवायची आबांची रीत

माझ्या आबांना, म्हणजे वडिलांना, गाडी चालवता येत नाही. स्टेअरिंगला त्यांनी आजवर हात लावलेला नाही आणि गिअर कशाला म्हणतात हे परवापरवापर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. तरीही भर वैशाखात चार तास उभी असलेली गाडी आतून गार कशी ठेवायची, हे त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी पाहिलेला नाही. गॅरेजवाले पाहिले, शोरूममधले टाय लावलेले साहेब पाहिले. सगळ्यांचं एकच उत्तर, "मॅडम, एसी लावा." आमचं घोडं तिथंच तर अडलं होतं.

माझ्या आईच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. शिमगा झाला आणि तिचं डायलिसिस सुरू झालं. जवळपास कुठं मशीनची पाळी मिळेना, मिळाली ती थेट सांगलीत. सोमवार आणि गुरुवार. म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवरून सकाळी सातला निघायचं, मायणी, विटा, तासगाव करत दहा-साडेदहाला सांगली गाठायची, चार तास आई मशीनवर, आणि तीन-साडेतीनला, ऊन अगदी पेटलेलं असताना, परत फिरायचं. भाऊ फौजेत, लांब सरहद्दीवर. त्यामुळं गाडी चालवणारी मीच. मी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिला महिना रजा टाकून ढकलला, पुढं उन्हाळ्याची सुट्टीच लागली.

डॉक्टरांनी आईला दिवसाला पाण्याची एक बाटली ठरवून दिली होती. शाळेच्या पोरांच्या दप्तरात असते तेवढी. चहा, आमटी, गोळ्या गिळायचं पाणी, सगळं त्यातच धरायचं. जास्त प्यायली तर ते पाणी अंगातून बाहेर जायला वाट नाही, ते छातीत साठतं आणि दम लागतो. आता आमच्या माण तालुक्याच्या उन्हाळ्यात, जिथं धडधाकट माणूस उठता-बसता तांब्या तोंडाला लावतो, तिथं एका बाईनं एका बाटलीवर दिवस काढायचा. त्यात काचा बंद करून एसी लावला की पाच मिनिटांत तिला मळमळायचं. पहिल्या खेपेला मायणी यायच्या आत तिला उलटी झाली आणि उलटीनंतर घशाला कोरड पडली. तेव्हा एसी बंद, काचा उघड्या. गाडी तापली की आई तापायची, आई तापली की पाणी मागायची, आणि ते नाही म्हणायचं काम माझ्याकडं. तासगावच्या अलीकडं रसवंतीची घुंगरं वाजायला लागली की ती डोळे मिटून घ्यायची. मला ते आरशात दिसायचं.

आता गाडीचं सांगते. गाडी माझी, स्वतःच्या पगारातून घेतलेली, आणि काळी कुळकुळीत. अख्ख्या तालुक्यात काळी गाडी घेण्याइतकी शहाणी मी एकटीच असेन. शोरूममध्ये ती चकाकत होती आणि मी भाळले. घरी आणून नारळ फोडला तेव्हा आबांनी तिच्या टपावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. "काळं मेंढरू उनात आदी धापा टाकतं," एवढंच म्हणाले. मला राग आला. माझ्या नव्या गाडीला मेंढरू म्हणायचं म्हणजे काय! पण आबांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. जगातली कुठलीही गोष्ट ते मेंढरावरून मोजतात. माझी गाडीही त्यातून सुटली नाही.

पहिल्या दोन-तीन खेपा मी माझ्या अकलेनं केल्या. फोनवर बघून सगळं शिकले होते. काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा आणला, काचा बोटभर खाली ठेवल्या. दवाखान्याच्या गल्लीत, कुंपणाला लागून, एक मोठा लिंब आहे. सकाळी साडेदहाला त्याची छान सावली एका अंगाला पडलेली असायची. मी थेट त्या सावलीत गाडी घातली. आबा खाली उतरले, वर झाडाकडं बघितलं, खाली जमिनीकडं बघितलं आणि म्हणाले, "हितं नगं. पल्याड लाव, उनात."

"आबा, आवं सावली सोडून उनात कशाला?"

"ही सावली जायाची हाय. तिकडची यायाची हाय."

मी ऐकलं नाही. मी गाडी चालवणारी, मी शिकलेली, आणि त्यात आईला आत न्यायची घाई. चार तासांनी तिला घेऊन आले तेव्हा सावली झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेली होती आणि माझी काळी गाडी भर उन्हात तळत होती. स्टेअरिंगला हात लावता येईना. आई मागं बसली आणि सीटच्या पट्ट्याचं लोखंड तिच्या मनगटाला चाटून गेलं. ती ओरडली नाही. नुसतं मनगट धरून बसली. विट्यापाशी म्हणाली, "मी मशीनला न्हाई भीत गं. ह्या चुलीला भिते. मला नगं आनत जाऊ."

डॉक्टरांनी तर बजावलं होतं की एकही पाळी चुकवायची नाही. तिनं यायचं थांबवलं तर काय होईल हे आम्हा तिघांनाही कळत होतं. तिलाही कळत होतं, आणि तरी ती तसं म्हणाली होती.

त्या दिवसापासून गाडी आबांच्या ताब्यात गेली. चालवायची मी, पण ती कुठं, कशी, कुणीकडं तोंड करून उभी करायची हे ते सांगणार. पुढच्या खेपेला मी मुकाट्यानं गाडी लिंबाच्या पलीकडं, ऐन उन्हात लावली. दवाखान्याचा वॉचमन हसला. "मॅडम, सावली मोकळी हाय की!" पण दीडच्या सुमारास मी सहज खिडकीतून खाली बघितलं, तर सावली सरकत सरकत गाडीच्या टपावर आली होती, आणि सकाळपासून सावलीत लावलेल्या बाकीच्या गाड्या उन्हात निघाल्या होत्या. तीन वाजता आमच्या गाडीवर पुरतं छत्र. खरं सांगते, मी त्या खिडकीत उभी राहून स्वतःशीच हसले. वर्गात पोरांना सूर्य आणि सावली शिकवते मी! फळ्यावर बाण काढते! आणि लिंबाखाली गाडी लावताना त्यातलं काहीसुद्धा मला आठवलं नव्हतं.

आबा वर दवाखान्यात येऊन कधी बसले नाहीत. मेंढरं दुपारची बसवली की राखणारा जसा कळपाच्या कडेला टेकतो, तसे ते गाडीच्या कडेला टेकून बसायचे. जाणारे-येणारे त्यांना ड्रायव्हर समजायचे. एकानं तर भाडं विचारलं. आबा चारही दारं थोडी थोडी उघडी ठेवायचे, वाऱ्याची दिशा बदलली की एक लावायचे आणि दुसरं उघडायचे. गाडीखालच्या मातीवर पाणी शिंपडायचे. पट्ट्याच्या लोखंडावर ओला फडका गुंडाळून ठेवायचे. आई बसायची त्या जागेवरची गोधडी काढून सावलीत झाडाच्या बुंध्याशी ठेवायचे आणि ती येताना दिसली की मगच आत अंथरायचे. माझी एकच विद्या त्यांना पटली. एका बाजूची काच पूर्ण खाली घ्यायची आणि समोरचं दार सहा-सात वेळा उघड-मीट करायचं, म्हणजे आतली कोंडलेली गरम हवा बाहेर फेकली जाते. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा गल्लीतली माणसं बघायला लागली.

"ह्ये कुनी शिकवलं?" आबांनी विचारलं.

"फोननं."

"खरं हाय त्ये," ते म्हणाले, आणि तेव्हापासून बरोबर तीनला ते स्वतः दार हलवायला लागले. बापानं आपल्याकडून काही घ्यावं यापरतं सुख नाही. मी ते भावाला फोन करून सांगितलं.

मग वाटेवरची झाडं. आबा हा सगळा रस्ता आयुष्यभर पायी चालले होते. रुंदीकरणात बहुतेक झाडं गेली, तरी जी उरली ती त्यांना माणसांसारखी पाठ. "बाबळीखाली नगं थांबू, तिची सावली चाळनीवानी आसती. म्होरल्या वढ्यापाशी करंज हाय, तितं थांब." मी म्हणायचे, इथं कुठलं आलंय करंज? आणि वळण संपलं की करंज उभं. त्याच्या खाली दारं उघडी टाकून पाच-सात मिनिटं थांबलं की गाडी निवायची आणि आईचा चेहरा खुलायचा. तासगावपासून वस्तीपर्यंत असे पाच थांबे ठरले. गेलेल्या झाडांचंही आबा नाव घेतल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. "हितं चिच हुती. दीडशे मेंढरू बसायचं खाली." आई त्यांना चिडवायची, "आवं, आता हाय त्येवढ्यावर भागवा की."

खिडकीला ओली साडी लावायची युक्ती दोघांच्या बोलण्यातून निघाली. आईची जुनी सुती साडी भिजवून पिळायची, दाराच्या वरच्या फटीत अडकवायची आणि काच खाली घ्यायची. गाडी चालायला लागली की बाहेरची झळ त्या ओल्या कापडातून आत येताना गार होऊन यायची. दर थांब्यावर आबा साडीवर पाणी मारायचे. ज्या पाण्याचा एक घोट आईला देता येत नव्हता, ते पाणी असं तिच्या अंगावरून जात होतं. त्या दिवसांत तिची बाटली घरी पोचेपर्यंत अर्धी उरायला लागली.

मे उजाडला आणि ऊन आणखी चढलं. एका रविवारी दुपारी मी जेवून जराशी पडले होते. उठून बाहेर येते तर माझी गाडी अर्धी पांढरी. आबा शिडीला टेकून, हातात कुंचला, बादलीत चुना कालवलेला, टप रंगवून झालेला आणि आता डिकीवर काम चाललेलं. आमच्याकडं दर उन्हाळ्यात घराच्या पत्र्याला चुना देतात, म्हणजे आत तापत नाही. पत्र्याला चालतं ते गाडीला का चालू नये, असा सरळ हिशेब. माझं पित्त खवळलं. मी काय काय बोलले ते आज आठवून लाज वाटते. माझी गाडी, माझे कष्ट, चुन्यानं रंग खातो हे तुमाला कळत न्हाई का, सांगलीला ह्ये ध्यान घेऊन जायाचं का मी! आबा कुंचला हातात धरून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "रंग काय गं. रंग परत देता यील."

एवढंच. आणि राहिलेल्या डिकीवर कुंचला फिरवला. मी आत गेले आणि न्हाणीत तोंड धुत राहिले, कारण बाहेर यायला तोंड नव्हतं.

सोमवारी चुना घेऊनच निघालो. खटाव तालुक्याची हद्द यायच्या आत वाऱ्यानं सुटलेला चुना उघड्या काचांतून आत यायला लागला. आईचे केस पांढरे, माझी ओढणी पांढरी. मागून आई खदखदा हसत होती. "आगं, पिटाच्या गिरनीत बसल्यागत झालंय," ती म्हणाली. डायलिसिस सुरू झाल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. सांगलीत दवाखान्यापाशी एका रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, घराचा उरलेला व्हय?" मी त्यालाही हसून हो म्हटलं. त्या दिवशी टपाला आतून हात लावून बघितला. कोमट होता. आधी तिथं बोट टेकवत नव्हतं. घरी परतल्यावर आबांनी चुन्यात डिंक घालून दुसरा हात दिला, आणि यावेळी बादली मी धरली.

इतकं सगळं करूनही एका सोमवारी घात झालाच. परतताना विट्याच्या पुढं रस्त्याचं काम, एक बाजू बंद, आणि समोर ट्रक आडवा झालेला. मागं-पुढं गाड्यांची रांग, आजूबाजूला झाडाचं नाव नाही, वारा पडलेला. सव्वा तास आम्ही तिथं अडकलो. गाडी चालती असेल तर ओल्या साडीचा उपयोग, थांबलेल्या गाडीत तीही सुकून कडक झाली. एसी लावला तर आईला उमासे यायला लागले. आबा बाहेर उभे राहून घोंगडं दोन्ही हातांनी तिच्या खिडकीवर धरून होते. आईनं तिची बाटली संपवली. मग माझ्या बाटलीकडं बघितलं. मागितलं नाही, नुसतं बघितलं. मी दिली. देऊ नये हे कळत असून दिली, आणि तिनं ती एका दमात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दम लागला. म्हसवडच्या डॉक्टरांकडं नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. संध्याकाळी घरी आणली. बुधवारी दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती, आबा उंबऱ्याशी, मी चहाची कपबशी आणून ठेवली. तिनं शांतपणे सांगितलं, "ह्यो गुरवार शेवटचा. सोमवारपास्नं मी न्हाई यायाची. तुमी बी दमलासा, मी बी दमले. तानेनं मराया घरीच बरं, वाटंवर नगं."

मी भांडले, रडले, डॉक्टरांचा धाक घातला. तिनं मान हलवली नाही. आबा उठून बाहेर गेले आणि गाडीच्या टपावरचा चुना जिथं उडाला होता तिथं हात फिरवत उभे राहिले. मला त्यांचाही राग आला. हा माणूस आता तरी तोंड उघडेल, असं वाटत होतं.

गुरुवारी निघताना कुणाचंच चित्त ठिकाणावर नव्हतं. खिडकीची ओली साडी दोरीवरच राहिली, हे मला मायणी ओलांडल्यावर आठवलं. आणि साडेदहाला दवाखान्याच्या गल्लीत वळतो तर आमचा लिंब नाही. म्हणजे बुंधा होता. पावसाळ्याच्या आधी वीजवाले तारांना लागणाऱ्या फांद्या तोडतात, त्यांनी त्या दिवशी सगळंच माथं उतरवलं होतं. फांद्यांचा ढीग कुंपणाशी पडलेला आणि गल्लीभर पांढरं ऊन. मी गाडी थांबवून नुसती बघत राहिले. आईनं बाहेर बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"तू आईला घेऊन जा," आबा म्हणाले. "किल्ली ठिव माज्यापाशी. गाडीचं मी बगतो."

"काय बगनार आबा? सावली कुटं हाय?"

"जा तू."

आत आईचं नेहमीपेक्षा जास्त पाणी काढावं लागलं. सोमवारचं साठलेलं होतं. शेवटी शेवटी तिचं बीपी उतरलं. सिस्टरनी पाय वर करायला लावले, अर्धा तास जास्त निजवून ठेवलं. तीनचे पावणेचार झाले. तिला दोन्ही हातांनी धरून जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच होतं, आता त्या भट्टीत हिला बसवायचं कसं. इथून निघून घरापर्यंत ही तग धरेल का? आणि धरली तरी पुन्हा कधी येणार नाही.

बाहेर आलो तर गाडी जागेवर नव्हती.

त्या जागी उन्हात आबा उभे होते. एकटेच. मी लांबूनच ओरडले, "आबा, गाडी कुटं हाय? आवं, आईला हुबं ऱ्हावत न्हाई!" आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या डोक्यावर पटका नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्यात आबांच्या वयाचा माणूस पटक्याशिवाय चारचौघांत उभा राहत नाही. कुणी गेलं तरच डोकं उघडं. मी आबांना घराबाहेर बोडकं बघितलं ते आजोबा गेले तेव्हा, आणि त्यानंतर थेट या गल्लीत. विरळ पांढरे केस घामानं चिकटलेले, कपाळावर पटक्याची जुनी रेघ, त्याच्या वरचं डोकं उन्हानं तांबडंलाल.

"या," ते म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

गल्लीच्या टोकाला हळदीचं गोदाम आहे. पोती चढवण्या-उतरवण्यासाठी समोर उंच छप्पर. आमची गाडी त्या छपराखाली, पोत्यांच्या दोन थप्प्यांच्या मधल्या गार बोळात उभी होती. एक हमाल पुढं आला आणि त्यानंच सगळं सांगितलं. म्हातारबाबा सकाळी आले आणि गोदामाच्या दिवाणजींना म्हणाले, माझी बायको मशीनवर हाय, तिला गाडीत बसवाया मला सावली पायजे. दिवाणजींनी वीसेक पोती हलवायला सांगितली. गाडी चालवता येत नाही म्हणून बाबांनी गिअरचा दांडा मधोमध आणला, गाडी थांबवताना मी रोज आणते ते त्यांनी बघून ठेवलेलं, एका हमालाला स्टेअरिंग धरायला बसवलं आणि आणखी चार हमालांबरोबर स्वतः खांदा लावून ढकलत आणली. मग तीनपासून ते जाऊन उन्हात उभे राहिले. इथून दवाखान्याचं दार दिसत नाही. आम्ही बाहेर आलो आणि गाडी दिसली नाही तर आई घाबरेल, म्हणून.

"आमी म्हनलं, बाबा, आमी जातो निरोप द्याया," हमाल म्हणाला. "ऐकत न्हाईत."

आई दाराशी आली आणि थांबली. तिच्या बाजूच्या खिडकीला आबांचा तांबडा पटका होता. दाराच्या फटीत अडकवून, दोन पदरी करून, मागच्या काचेवरून पलीकडच्या खिडकीपर्यंत नेलेला, आणि हमालांनी नुकताच पाणी मारलेला. त्याच्या टोकातून थेंब गळत होते. तिनं त्यावर हात ठेवला.

"आवं, ह्ये काय केलंसा?"

"साडी ऱ्हायली घरी," आबा म्हणाले. "ह्यो लांबीला बी पुरतो."

"डोस्क्याचा पटका काडून..."

"बस तू. निवालंय आत."

खरंच निवालं होतं. आत बसल्यावर ओल्या कापडाचा आणि हळदीचा वास होता आणि गोधडी हाताला गार लागत होती. मी स्टेअरिंग धरलं आणि मला गाडी सुरू करता येईना. डोळ्यांना धार लागली होती. गेले तीन महिने मी आबांना अडाणी म्हणाले होते, त्यांच्यावर तणतणले होते, काल तर मनातून त्यांना दगड म्हटलं होतं. एवढ्या प्रेमानं कुणी माझ्यासाठी उन्हात उभं राहील का, हे मला ठाऊक नाही. मागं हमालांनी हात केले. आम्ही निघालो.

तासगाव यायच्या आधीच आईला झोप लागली. भिजलेल्या पटक्यातून वारा येत होता आणि तिच्या कपाळावरची बट हलत होती. आबा माझ्या शेजारी, उघड्या डोक्यानं, मागं वळून वळून बघत. करंजाखाली थांबलो तेव्हाही ती उठली नाही. त्यांनी आवाज न करता पटक्यावर पाणी मारलं आणि आत बसून आपल्या बाजूचं दार धाडकन न लावता नुसतं लोटून धरलं, मी गाडी हळू चालवली.

विटा मागं पडल्यावर ती जागी झाली. पाणी मागितलं नाही. थोडा वेळ बाहेर बघत राहिली, मग आबांच्या डोक्याकडं.

"आवं," ती म्हणाली, "सोमवारी येताना टोपी तरी घाला. रिकामं डोस्कं बरं न्हाई दिसत."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आबा सावकाश मागं वळले. त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

"सोमवारी?"

"मग?" आई म्हणाली. "आपला सोमवार-गुरवार न्हवं का?"